बोंबलांमागचं घर

बँकेचा माणूस आमच्या घराची किंमत ठरवायला येणार, हे कळलं आणि माझ्या अंगात दिग्दर्शक संचारला. गावच्या नाटकांत मी राजापासून दरोडेखोरापर्यंत सगळं केलंय. पण स्वतःच्या घराचा प्रयोग लावायची ही पहिलीच वेळ.

घर बायकोचं. राहतो दोघंही, पण कागदावर ती. पालघरजवळच्या माहीमच्या किनाऱ्यालगतची ही जागा तिनं सुकी मासळी विकून घेतली, विटा तिनं आणल्या, गवंड्याशी भांडलीही तीच. मी तारापूरच्या कारखान्यात पाळ्या केल्या आणि पगार आणून तिच्या हातात ठेवला. आता तिला टेम्पो हवा होता, मनोरच्या बाजारात स्वतःचा माल स्वतः न्यायला. तिथला एकजण आपला टेम्पो विकायला तयार होता, पण शनिवारपर्यंतच थांबणार होता. बँक घरावर कर्ज देणार, पण आधी किंमत ठरवणाऱ्या साहेबांचा अहवाल हवा. साहेब मंगळवारी येणार. त्या दिवशी काम अडलं की थेट पुढचा आठवडा, म्हणजे टेम्पो गेलाच.

मी कामाला लागलो. घरपट्टीची पावती, वीजबिल, मंजूर नकाशा, सगळं एका पिशवीत घालून दाराशी टांगलं. साहेबांना भिंतीपासून भिंतीपर्यंत मोजावं लागतं, हे मी शेजारच्या कारखान्यातल्या एका मित्राकडून काढून घेतलं होतं, त्याचं घर असंच मोजून झालं होतं. म्हणून कोपऱ्यांतली जाळी, टोपल्या, पिंपं सगळं बाहेर, घरामागे. गच्चीचं कुलूप तेल घालून उघडं केलं. शिडी लावली. बायको हे सगळं बघत होती.

"अवो, लग्न हाय का घरात?"

"त्याहून मोठं," मी म्हटलं. "तू फक्त बघत राहा."

साहेब सकाळी येणार होते. बोईसर आणि उमरोळीची घरं करून आले तेव्हा उन्हं कलली होती. डोक्याला रुमाल बांधलेला, कपाळावर आठ्या. पण आत शिरले आणि त्या आठ्या एकेक करून गेल्या. त्यांच्या हातातल्या यंत्राचा लाल ठिपका समोरच्या भिंतीवर जाऊन बसायचा, वाटेत काही आड यायचं नाही, आकडा हजर. मी मागोमाग होतोच. "ही खिडकी बघा साहेब, समुद्राचा वारा सरळ..."

"अवो, त्यांना मोजू द्या," बायको म्हणाली.

मी तोंड मिटलं. मला ते किती जड जातं हे गावाला ठाऊक आहे. पण खरंच काम दुप्पट वेगानं झालं. खोल्या झाल्या, गच्ची झाली, कागद झाले.

"पहिल्यांदाच एवढं तयार घर बघतोय," साहेब म्हणाले. मी छाती काढून अंगणात आलो. "आता समोरून फोटो घेतो, घर पूर्ण दिसायला हवं. मग झालं."

साहेब अंगणाच्या टोकाला गेले. मोबाईल वर केला. खाली केला. डावीकडे गेले, उजवीकडे गेले.

"घर कुठाय?"

मी बघितलं आणि माझी छाती आत गेली. घरासमोर बांबूच्या आडव्या काठ्यांच्या रांगा, जमिनीपासून डोक्याच्या वर, आणि त्यांवर जबड्यात जबडा अडकवून वाळत घातलेले बोंबील. हंगामभर ते तिथंच असतात. मी अंगणातून सुईसुद्धा उचलली होती, पण बोंबील मला दिसलेच नव्हते. आम्हाला ते सामान वाटतच नाही, आभाळासारखे ते असतातच.

"काढता येतील?" साहेबांनी घड्याळ बघितलं. "नाहीतर पुढच्या आठवड्यात फोटोला येईन."

"अर्धे ओले हायत," बायको म्हणाली. "काढून ढीग केला तर उद्या वास मारतील. सगळा माल जाईल."

माल की टेम्पो? तिनं फार विचार केला नाही. गल्लीकडे तोंड करून हाक मारली, "अगो, याऽऽ! बोंबील हलवायचे हायत!"

बायका आल्या. कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या कडेवर पोर.

"काढायचे नाय," ती म्हणाली. "काठीसकट उचला. सुतळी सोडा, दोन्ही टोकं धरा, वाळूत नेऊन उभ्या राहा. टेकवू नका."

"वयनी, आनि भाऊजी काय करनार?"

"भाऊजी नाटकात गदा उचलतात, बांबू नाय उचलनार?"

मी बांबू धरला. एकेक काठी बोंबलांसकट सुटली आणि डुलत डुलत वाळूकडे निघाली, पालखीसारखी. एक रांग हलली, ओटा दिसला. दुसरी हलली, जाळीची खिडकी. शेवटची हलली आणि आमचं अख्खं घर समोर आलं, फिकट हिरवं, तिरक्या उन्हात. दिवाळीनंतर मी ते असं एकसंध बघितलंच नव्हतं.

साहेबांनी फटाफट फोटो घेतले. "आता मालकांचा एक, घरासमोर."

सवयीनं मी केसांवरून हात फिरवला.

"मालक त्या हायत, वाळूत," शेजारीण म्हणाली.

बायको बांबूचं टोक खांद्यावर घेऊन उभी होती. "अशीच? हात तर बघा माझे."

"चेहरा दिसला म्हणजे झालं," साहेब म्हणाले.

मी तिचं टोक माझ्या खांद्यावर घेतलं. तिनं पदर सारखा केला, हात मागे लपवले आणि आपल्या घरासमोर जाऊन उभी राहिली. वाळूतल्या बायका ओरडल्या, "हस ना गो!" ती हसली नाही, पण मान अशी काही ताठ धरली की रंगमंचावर इतक्या वेळा राजा होऊनही मला तशी कधी जमली नाही. बोंबील परत जागेवर गेले, एकही वाळूला लागला नाही.

अहवाल बँकेत वेळेवर पोचला, कर्ज मंजूर झालं. शनिवारी मनोरहून टेम्पो मीच चालवत आणला. पालघरला चहाला थांबलो, तर ओळखीचा चहावाला म्हणाला, "काय, टेम्पो घेतला वाटतं?"

"मी ड्रायव्हर," मी अख्ख्या टपरीला ऐकू जाईल असं सांगितलं. "मालकीण आत बसल्यात. त्यांना विचारा."

आतून आवाज आला, "दोन चहा घ्या आनि लवकर या. माल भरायचा हाय."