रुमालाखालचा पत्ता

सुधाकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात कंपनीच्या माणसाकडून भाव पाडून घेत होतो. सौदा अर्धा सोडून उठलो... तसा मी कधी उठत नाही.

नवीन जालन्यात माझ्या बियाण्यांच्या दुकानासमोर त्याचा कॉम्प्युटरचा क्लास. मी हमालीतून वर आलेला, तो शिकलेला. डोकं मात्र दोघांचंही गरम. आमच्या विक्रेता संघटनेची वेबसाइट तोच सांभाळायचा. कोणत्या लॉटची उगवण कशी, हे शेतकऱ्याला तिथे दिसायचं. वेबसाइटचा तो पत्ता आम्ही प्रत्येक पिशवीवर शिक्क्याने मारून द्यायचो. आणि नवा अध्यक्ष आला की आधी काय करायचा? पत्त्यात स्वतःचं आडनाव घालायचा! जुना पत्ता बंद, विकलेल्या पिशव्या मुक्या.

"सरपंच बदलला म्हणून गावाचं नाव बदलतं का?" सुधाकर ओरडायचा. "पत्त्यात माणूस नको, साल नको. जालना, बियाणे आणि लॉटचा नंबर. एकदा ठरलं की ठरलं!" बैठकीत सगळ्यांना पटायचं, पण अध्यक्षांदेखत हो कोण म्हणणार?

शेवटी मी म्हणालो, "सुध्या, तुला सौदा येत न्हाई. रुमाल काढ." बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून भाव ठरतो, बाजूच्याला कळत नाही. तसे आम्ही दुकानोदुकानी गेलो. मूठ धरली तर हो, एक बोट धरलं तर नाही.

"आपण काय जनावरं विकून राह्यलो का?" सुधाकर हसायचा.

"जनावरं तुझ्यापेक्षा जल्दी विकली जातात."

बदनापूरच्या शेठनी एकच बोट धरलं. "माझा पोरगा पुढं अध्यक्ष व्हणार. त्याचं नाव कुठं लागंल मंग?"

मी हात सोडलाच नाही. "फोटो लावू ना शेठ, पानावर. मोठा."

हळूहळू मूठ झाली. सगळ्यांचा होकार जमला, पत्ता ठरला. पुढे अध्यक्ष बदलले तरी तो टिकला. सुधाकर होता तोवर.

त्याचं तेरावं झालं आणि शेठचा तोच पोरगा अध्यक्ष झाला. आठवड्यात पत्ता बदलला. आता त्यात त्याचं आडनाव आहे. फोटोही आहे... मोठा. मी फोन केला, "तुझ्या बापानं शब्द दिल्ता रे!" तो म्हणाला, "काका, कोणी पाह्यलं?"

परवा अंतरवालीहून एक बाई पिशवी घेऊन आल्या. "दादा, पेरायच्या आधी बघावं म्हणलं, पण हे उघडतच न्हाई की." आम्हीच मारलेला शिक्का होता.

सुधाकरचा तो रुमाल, क्लासातल्या पांढऱ्या फळ्याच्या शाईचे डाग पडलेला, माझ्या गल्ल्याशेजारी घडी घालून ठेवला आहे. येत्या बैठकीला मी तो नेणार नाही. भर सभेत, सगळ्यांदेखत, बदनापूरच्या शेठपुढे उघडा हात धरणार आहे. काय धरायचं ते त्यांनी तिथे धरावं.