अर्थिंगकाकांचा टेस्टर

अर्थिंगकाका विजेच्या कुठल्याही वस्तूला आधी उजव्या हाताच्या बोटांची पाठ लावायचे, आणि त्या वेळी त्यांचा डावा हात पाठीमागे पँटच्या पट्ट्यात खोचलेला असायचा. "एक हात बाहेर ठेवावा," ते सांगायचे. "दोन्ही दिले की ती छातीतून जाते." 'ती' म्हणजे वीज. आमच्याकडे जुनी माणसं सापाला 'जनावर' म्हणतात, नाव घेत नाहीत, तसं त्यांचं विजेच्या बाबतीत होतं.

त्यांचं खरं नाव आमच्या वाजंत्र्यांच्या बेंजो पार्टीत कुणी कधी विचारलं नाही. मांडवात पाय ठेवला की त्यांचा पहिला प्रश्न, "अर्थिंग कुठाय?" यजमान चहा घ्या म्हणतोय आणि हे मीटरखालची माती उकरून बघतायत. पेणला रामवाडीत त्यांचं रेडिओ आणि टेप दुरुस्तीचं एक खोपटं होतं. हळदी-लग्नांच्या हंगामात पार्टीचे मालक नाना त्यांना साउंड सांभाळायला टेंपोत घालून न्यायचे. एवढा भित्रा माणूस साउंडला कशाला, असं सगळेच म्हणायचे. मी सगळ्यात मोठ्याने म्हणायचो.

मी बेंजो वाजवायचो, आणि नव्वदीच्या त्या वर्षांत माझ्या अंगात भलतीच मस्ती होती. मुंबईहून मी गिटारवाल्यांचा इफेक्टचा पेडल आणला होता. पायाने दाबायची पत्र्याची डबी. बेंजोची वायर तिच्यात एका बाजूने जायची आणि दुसऱ्या बाजूने आवाज असा घुमत निघायचा की नाचणारे क्षणभर थबकायचे. आसपासच्या कुठल्या पार्टीकडे तसली डबी नव्हती, आणि हे मी कुणाला विसरू देत नव्हतो.

डबी मात्र नाजूक. डबीवरची बत्ती लागलेली असायची आणि आवाज गुल. मी लगेच स्क्रू खोलायला धावलो की काका माझा हात धरायचे. "डबीनं तुझं काय घोडं मारलंय? शेवटाकडून ये." शेवट म्हणजे स्पीकर. मग अ‍ॅम्प्लिफायर, मग वायर, मग डबीचं बाहेरचं भोक, मग आतलं, मग बॅटरी. दहातल्या आठ वेळा वायरच गेलेली निघायची आणि मला आणखी राग यायचा.

त्याहून राग यायचा तो त्यांच्या दुसऱ्या सवयीचा. काम झालं तरी 'झालं' म्हणायचे नाहीत. "काका, चालेल ना आता?" असं विचारलं की म्हणायचे, "मी सांगतो म्हणून हात लावू नको. बघून लाव." एकदा मी चिडून म्हटलं, अहो, दुरुस्त तुम्ही केलंत, मग सांगायला काय जातं तुमचं? त्यांनी हातातली पक्कड खाली ठेवली. मग खाली बघतच त्यांनी सांगितलं. पूर्वी ते रोह्याला एका कंपनीत इलेक्ट्रिक खात्यात होते. सेकंड शिफ्टला एक फिटर पंपाशी बसला होता. त्याने विचारलं, लाईन बंद हाय ना? "मी व्हय म्हटलं. बंद करायला सांगितली होती मी. केली का, ते बघितलं नाय." पुढचं त्यांनी सांगितलं नाही. एवढंच म्हणाले की त्याची बायको अजून रोह्यातच राहते, आणि बाजारात दिसली की आपण दुसऱ्या गल्लीत वळतो. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण दोन दिवसांनी मी पुन्हा त्यांची नक्कल करून पार्टीला हसवत होतो.

मग ती हळद आली. वडखळच्या पुढे, खाडीकडचं गाव. दुपारचे चार वाजलेले. धूळ बसावी म्हणून मांडवात पाणी मारलेलं, आणि मिठागराकडची ती जमीन, वाळायचं नावच घेईना. लाईन खांबावर आकडा टाकून घेतलेली. वाद्यासमोर चप्पल घालायची नाही हा नानांचा नियम, त्यामुळे मी अनवाणी उभा. पेडल दाबला. बत्ती लागली. आवाज नाही.

"वाजवताय का नाय?" नवऱ्याचा मामा ओरडला. मांडव भरलेला होता आणि अर्धा मांडव प्यालेला होता. अशा ठिकाणी पार्टीवाल्यांना मार बसल्याच्या गोष्टी आम्हाला पाठ होत्या.

काकांनी शेवटाकडून सुरुवात केली. स्पीकरची घरघर येत होती, वायर चांगली होती. डबी उघडली तर बाहेरच्या भोकाशी एक तार सुटलेली, टेंपोच्या धक्क्यांनी. काकांना त्या लाईनवर सोल्डरची इस्त्रीसुद्धा लावायची नव्हती. तांब्याच्या टोकाचा जुना दांडा घेऊन ते वडे तळत होते तिथल्या चुलीशी गेले. "बाय गो, जरा निखाऱ्यात ठेवतो."

"ठेवा. पन वड्यांना वास नको लागाया," ती म्हणाली.

दांडा तापला, तार जोडली, दोन मिनिटांचं काम. मी अ‍ॅम्प्लिफायरकडून आलेली वायर डबीत खुपसायला उचलणार, तेवढ्यात ते म्हणाले, "थांब." त्यांनी टेस्टरचं टोक त्या वायरच्या पिनेच्या बाहेरच्या धातूला लावलं आणि त्याच हाताच्या तळव्याची ओंजळ करून टेस्टरवर सावली केली. "बघ." मी वाकून बघितलं.

त्यांनी बोर्डातली पिन उलटी करून लावली, पुन्हा टेस्टर धरला आणि मान हलवली. "अ‍ॅम्प्लिफायरच्या अंगात उतरलीय ती," ते हळू आवाजात म्हणाले. "ही तार सुटलेली होती, म्हणून तुझ्या बेंजोपर्यंत आली नाय. आणि मी आत्ता ती जोडली. मीच जोडली." मला पायाखालचा चिखल तेव्हा पहिल्यांदा गार लागला.

नाना आले. काकांनी सांगितलं, हा अ‍ॅम्प्लिफायर नको, पेणहून दुसरा आणू. नाना म्हणाले, दोन तास कुठून आणू? डबी काढ, डायरेक्ट लाव. काका म्हणाले, डायरेक्ट लावलं तरी तेच, माइकलाही तेच. मामा चार जणांना घेऊन पुढे आला. नानांनी वायर उचलली आणि बेंजोकडे वळले. मी बेंजोवरचे हात काढले, पण नानांना अडवलं नाही. मला विजेची भीती वाटत होती आणि मामाची तिच्याहून जास्त वाटत होती.

काकांनी बोर्डातली पिन उपटली आणि कटरने अ‍ॅम्प्लिफायरची वायर मुळाशी कापली. मग राहिलेल्या वायरचे आणखी तीन तुकडे केले. आता कुणाला काही वाजवता येणार नव्हतं.

पहिली थोबाडीत मामाने दिली. मग कोण कोण होतं मला माहीत नाही. काका खाली पडले, चष्मा चिखलात गेला. नानांनी सगळ्यांना आवरलं आणि मला विचारलं, "तू होतास ना जवळ? टेस्टर पेटला होता का खरंच?"

सगळा मांडव माझ्याकडे बघत होता. मामाची मूठ अजून वळलेली होती.

"नीट दिसलं नाय," मी म्हणालो.

काका उठून बसले. ओठ फुटला होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि नानांना म्हणाले, "उन्हात दिसत नाय तो नीट. त्याची चूक नाय."

हळद ढोलकीवर झाली. धवलारीण लग्नाची धवळं गायली, बाया नाचल्या, नवरा पिवळा झाला, कुणाला साधा चटकासुद्धा बसला नाही. त्यामुळे परतताना टेंपोत सगळे एकच म्हणत होते, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. काका टेंपोत नव्हते. नानांनी त्यांना घेतलं नाही, आणि ते वडखळच्या दिशेने चालत निघाले ते मी मागच्या फळीवरून बघत होतो. टेंपो त्यांच्या बाजूने गेला तेव्हा मी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवसापासून मी रबरी चप्पल घालून वाजवायला लागलो. नाना ओरडले तर पायाला जखम आहे म्हणून सांगितलं. हंगाम संपला तेव्हा मी पार्टी सोडली. रामवाडीच्या खोपट्याकडे तीनदा निघालो आणि तीनदा अर्ध्या वाटेवरून फिरलो. काय सांगायचं ते मला पाठ होतं. ते म्हणतील 'असू दे', आणि तेच मला ऐकवणार नव्हतं.

पुढच्या वर्षी कोलाडला एसटीत बसलो होतो, तेव्हा ते खाली दिसले. हातात पिशवी, खोपटं बंद करून मुलीकडे कायमचे चालले होते. त्यांनीच खिडकीशी येऊन हाक मारली. "वाजवतोस ना रे?"

"व्हय काका," मी म्हणालो. महिनोन्महिने मी बेंजोला हात लावला नव्हता.

"झालं तर मग," ते म्हणाले. एवढं खूश मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. कंडक्टरने घंटी दिली आणि गाडी सुटली. नंतर ते मला भेटले नाहीत. गेल्याचंसुद्धा फार उशिरा कळलं.

टेस्टर पेटला होता. तांबडा, अगदी स्वच्छ, तुमच्या ओंजळीत. मी बघितला होता, काका.