पद व्यपगत झालं, अभिनंदन!

आधीच सांगतो, हातात चहा असेल तर कप खाली ठेवा. हा किस्सा ऐकताना माझ्या मावसभावाने माझ्या पांढऱ्या शर्टवर चहा उडवला होता. काय सांगू हो, इतका गाढवपणा माणूस आयुष्यात एकदाच करतो. मी तो धुळ्यात केला, भरल्या सभेत, हातात माइक घेऊन!

मी असोद्याचा. जळगावला मानसशास्त्रात एम.ए. करतोय. आमच्याकडच्या मानसतज्ज्ञांची एक संघटना आहे आणि तिच्या कार्यकारिणीत एक खुर्ची विद्यार्थी प्रतिनिधीची. ती किती वर्षं रिकामी होती कोण जाणे! वर्गात सरांनी विचारलं, "कोण जाणार?" सगळे खाली बघत बसले. माझा पाय मात्र नेहमीप्रमाणे हलत होता. बाक करकरला, सरांनी वर पाहिलं, झालो मी प्रतिनिधी!

हा पाय म्हणजे माझा जन्माचा वैरी. बसल्या जागी थांबतच नाही. आमच्या वर्गातली निलोफर म्हणते, "माझे अब्बा दिवसभर शिलाई मशीन चालवतात, पण त्यांचाही पाय इतका हलत नाही."

ही निलोफर पिंप्राळ्याची, वर्गात सगळ्यात हुशार. आणि खरा प्रश्न तिचाच होता. परीक्षेला बसायचं तर एखाद्या जाणत्या मानसतज्ज्ञाच्या हाताखाली ठरावीक तास काम करावं लागतं. जळगाव-धुळ्यात कुणी विद्यार्थी घ्यायला तयार नव्हतं. पोरं नाशिकला खोल्या घेऊन राहायला निघाली होती. निलोफरच्या अब्बांनी सांगून टाकलं होतं, "जळगावात होत असेल तर कर. नाशिकला एकटीने राहणं नाही." म्हणजे धुळ्याच्या सभेत काही झालं नाही, तर तिचं शिक्षण तिथेच संपलं.

म्हणून तिने निवेदन लिहिलं. मी ते सभेत वाचायचं, एवढंच माझं काम.

सभेची विषयपत्रिका आली. ती लिहिणारे चिटणीस सर आयुष्यभर सरकारी खात्यात होते. ते पाणीसुद्धा "पिण्याकरिता उपलब्ध व्हावे" असं मागत असतील! विषय क्रमांक तीन असा होता: "विद्यार्थी प्रतिनिधी हे पद व्यपगत करणेबाबत."

एस.टी. पारोळ्याच्या पुढे गेली, तेव्हा सोबत आलेल्या निलोफरने विचारलं, "हेमंत, व्यपगत म्हणजे काय रे?"

आता मला तरी कुठे माहीत होतं? पण प्रतिनिधी झालेला माणूस "माहीत नाही" म्हणतो का? मी म्हणालो, "अगं, सोपं आहे. व्यापक आणि प्रगत. दोन्ही मिळून व्यपगत!"

"म्हणजे आपलं पद मोठं करताहेत?"

"मग! आता मतदानाचा अधिकार मिळणार बघ आपल्याला."

बिचारीने विश्वास ठेवला. तिचा चेहरा इतका खुलला, की मलाही माझा अर्थ खरा वाटायला लागला.

सभागृहात पोचलो. निलोफर निवेदनाच्या प्रती काढायला झेरॉक्सच्या दुकानात गेली. मी पहिल्या रांगेत बसलो. पाय सुरू! एक-दोन विषय झाले. मग चिटणीस सर उभे राहिले.

"विषय तीन. सदर पद व्यपगत करण्यात यावे, असा ठराव मी मांडतो. अनुमोदक कोण?"

सगळं चिडीचूप! कुणी छताकडे बघतंय, कुणी चष्मा पुसतंय. अध्यक्ष मॅडम माझ्याकडे बघून अवघडल्यासारख्या हसल्या. माझं डोकं फिरलं. अरे, आम्हा पोरांचं भलं होतंय तर एकाचाही हात वर होऊ नये? इतका कोतेपणा? पाय थांबेना, हात थांबेना, शेवटी मीच उठलो आणि माइक घेतला.

"माझं अनुमोदन आहे!"

चिटणीस सर दचकले. "आपलं? आपण स्वतः विद्यार्थी प्रतिनिधी ना?"

"हो सर! म्हणूनच! हे काम फार आधी व्हायला हवं होतं. आणि पुढच्या वर्षापासून वगैरे नको. आत्ता, या क्षणापासून पद व्यपगत करा! आम्हा सगळ्या विद्यार्थ्यांची हीच इच्छा आहे!"

मग टाळ्या! अशा टाळ्या, की मला बारावीच्या निकालालाही मिळाल्या नव्हत्या. अहो, सगळे मानसतज्ज्ञ ना! शेजारचे एक डॉक्टर दुसऱ्याच्या कानाशी लागले, "काय परिपक्वता आहे! पदाचा मोह नाही, राग नाही." मॅडमनी तर डोळे पुसले. मला वाटलं, केवढं मोठं मन या लोकांचं!

मी वाकून नमस्कार केला आणि बाहेर येऊन वर्गाच्या ग्रुपवर टाकलं: "आपलं पद व्यपगत झालं! अनुमोदक मी स्वतः!"

धडाधड हार, फुलं, फटाके. "हेमंतभाऊ आगे बढो!" एकाने तर असोद्याच्या चौकात लावायच्या फ्लेक्ससाठी माझा फोटो मागितला. बावीस पोरं एम.ए.ची, पण एकालाही शंका आली नाही! मी आपला गॉगल लावलेला फोटो पाठवूनही दिला.

तिथे एक नाना चहाचे कप भरत होते. सभागृहाची देखभाल तेच करायचे. मला बघून हळहळले.

"भाऊ, वाईट वाटनं. चांगला उभा राहीसन बोलना तू."

"वाईट कशाला नाना? पद व्यपगत झालं आमचं!"

"तेच ते. मना मोठा भाऊ ग्रामपंचायतमा व्हता. कागद येळवर दिधा नही, त्यानं पद बी व्यपगत व्हयनं. तवयपाशीन घरमाच बठेल शे."

"घरात? का?"

"का म्हंजे? पदच गयं ना भाऊ! व्यपगत म्हंजे खलास!"

आयुष्यात पहिल्यांदा माझा पाय हलायचा थांबला.

तेवढ्यात निलोफर प्रती घेऊन आली. "झालं का रे व्यपगत?"

नानांनीच तिला अर्थ सांगितला. तिने माझ्याकडे पाहिलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती एवढंच म्हणाली, "माझं वर्ष गेलं, हेमंत."

मी धावतच आत गेलो. विषय सहा निघाला होता, आमचाच.

चिटणीस सर म्हणत होते, "विद्यार्थ्यांचे निवेदन. आता प्रतिनिधी अस्तित्वात नसल्याने विषय निकाली."

"सर, मी आहे ना!"

"आपण नाही आहात."

"सर, हा काय, समोर उभा आहे!"

"व्यक्ती म्हणून आहात. पद या क्षणापासून व्यपगत करा, असं आपणच म्हणालात."

"सर, ते मी चुकून म्हणालो! मला वाटलं व्यापक आणि प्रगत..."

सभागृहात असा हशा पिकला म्हणता! मघाशी परिपक्वता बघणारे डॉक्टर खुर्चीवरून घसरायचेच बाकी होते. कानशिलं तापली माझी. पळून जावं तर दारात निलोफर उभी!

आणि तीच बोलली. तिथूनच, माइकशिवाय.

"मॅडम, मी कुणाची प्रतिनिधी नाही. माझ्यापुरतंच बोलते. मला शिकायचंय. नाशिकला घरून पाठवणार नाहीत. तुमच्यापैकी कुणी आठवड्यातून दोन दिवस शेजारी बसू दिलं, तर माझं एम.ए. होईल. नाही दिलं तर नाही होणार."

हसणं थांबलं. मॅडमनी तिला हाताने पुढे बोलावलं. मग म्हणाल्या, "माझा दवाखाना जळगावात आहे. सोमवारपासून ये." मागून एक हात वर झाला, मग दुसरा. बघता बघता आमच्या बावीसही जणांची सोय झाली. निवेदन कुणी वाचलंसुद्धा नाही!

परतीच्या एस.टी.त निलोफर अब्बांना फोनवर सांगताना हसत होती आणि रडतही होती. मी खिडकीबाहेर बघत बसलो. सुटल्यासारखं वाटत होतं आणि लाजही वाटत होती. म्हटलं, जाऊ दे, पोरीचं काम झालं. झाला प्रकार लोक चार दिवसांत विसरतील.

कसले विसरतात! पुढच्या आठवड्यात सभेचं इतिवृत्त आलं. चिटणीस सरांचंच अक्षर. विषय तीनखाली लिहिलं होतं: "विद्यार्थी प्रतिनिधी हे पद व्यपगत करण्यात आले. सदर पद नसताना विद्यार्थ्यांची कामे अधिक लवकर होतात, हे माजी प्रतिनिधींनी त्याच सभेत प्रत्यक्ष सिद्ध करून दाखविले. सबब, सभा त्यांची आभारी आहे."