शोरूममधली शेगडी

वरच्या मजल्यावरच्या बाथरूमचं पाणी आमच्या स्वयंपाकघरात झिरपायला लागलं, तेव्हा आधी आम्ही खाली पातेलं ठेवलं. मग एका सकाळी छताचा मोठा पोपडा सिंकमध्ये पडला आणि आतली गंजलेली सळी दिसायला लागली. मिस्त्री बघून गेला. म्हणाला, छत फोडावं लागेल, भिंतीतले पाइप बदलावे लागतील आणि ओटा काही वाचणार नाही.

"मग आता करतोच आहोत तर नीट करू," माझे यजमान म्हणाले. "ओट्यात बसवायचा हॉब, चिमणी, सगळं. एकदम चांगल्यातलं."

मी ऑफिसला निघाले होते. चप्पल घालता घालता हो म्हटलं.

मीरा रोडला आम्ही गिरगावातून आलो होतो. तिथे दोन खोल्यांत मोरीशेजारीच स्वयंपाक चालायचा, त्यामुळे इथे वेगळं स्वयंपाकघर आहे आणि त्याला खिडकी आहे, एवढ्यावरच मी खूश होते. दोन बर्नरची शेगडी आणि भिंतीत एक पंखा. मला त्याहून काही नको होतं. पण ते स्वयंपाकघर तोवर माझं राहिलं नव्हतं.

यांची कंपनी भाईंदर पूर्वेला होती. तिथलं काम कमी होत गेलं आणि पन्नाशीच्या आतच यांनी व्हीआरएस घेतली. माझी नोकरी चर्चगेटला, घरी यायला आठ वाजायचे. सुरुवातीला मी आले की हे चहा करून द्यायचे. मग कुकर लावून ठेवायला लागले, मग भाजी. एकदा ताटात बांगड्याचं तिखलं आलं आणि ते माझ्यापेक्षा चांगलं झालं होतं.

"कुठे शिकलात?" मी विचारलं.

"आईला बघायचो करताना," एवढंच म्हणाले. यांचं गाव रत्नागिरीजवळ. पुढे तांदळाची भाकरीही जमायला लागली, पातळ आणि टम्म फुगलेली. वर्षभरात मी फक्त पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायला लागले.

हे कुणाला सांगायचं नव्हतं. तसं आमचं बोलून काही ठरलं नव्हतं, पण दाराची बेल वाजली की हे हात पुसून बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन बसायचे. समोरच्या भाभी डबा परत करायला यायच्या आणि मला म्हणायच्या, "आपके हाथ में जादू है." मी हसायचे. एवढं खोटं निभत होतं.

शोरूममध्ये मात्र ते मला फार जड गेलं.

आमच्या भागात स्टीलच्या शेगड्यांची दुकानं होती, पण यांना हवं तसलं काही तिथे मिळत नव्हतं. म्हणून दर रविवारी आम्ही अंधेरी, बोरिवली, कधी ठाण्याला जायचो. काचेची दारं, आत थंडगार एसी आणि ओळीने मांडलेली स्वयंपाकघरं. आठवड्याचा तो एकच दिवस मला पाय पसरून पडायला मिळायचा. तो मी त्या चकचकीत ओट्यांसमोर उभं राहून घालवत होते.

विक्रेता कुठलाही असो, तो सरळ माझ्याकडे यायचा. "मॅडम, आप दिन में कितनी बार तलती हैं?" मला काय माहीत. मग मागून हळूच आवाज यायचा, "मासे तळतो म्हणून सांग. सक्शन जास्त लागेल." मी ते हिंदीत सांगायचे. "कढ़ाई बड़ी है क्या आपकी?" परत मागून, "विचार त्याला, खोलगट कढई डगमगते का." मी विचारायचे. उत्तर मला मिळायचं आणि ते कळायचं यांना. चिमणीतली जाळी काढून धुता येते का, बर्नरचं पितळ जाड आहे का, भाकरी थेट आचेवर भाजली तर वरची काच तडकेल का, असे प्रश्न मी तोंडपाठ केल्यासारखे विचारत राहायचे. एका विक्रेत्याने तर कौतुकाने म्हटलं, "मॅडम को बहुत नॉलेज है." हे शेजारी उभे राहून ओव्हनचं दार उघडत-मिटत होते. चेहऱ्यावर काही नाही.

यांना भांडी धुण्याचं मशीनही हवं होतं. ते दाखवणारा विक्रेता अगदी तरुण होता, टाय लावलेला. त्याने पूर्ण सायकल समजावून सांगितली. यांनी मला कोपराने हलवलं. मी विचारलं, "बीच में पानी चला गया तो?"

"पानी क्यों जाएगा, मॅडम?"

"हम मीरा रोड में रहते हैं," मी म्हटलं.

आमच्याकडे तेव्हा सोसायटी सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर पाणी सोडायची. उन्हाळ्यात तेवढंही टँकर आला तरच. त्याला ते माहीत नसावं. तो नम्रपणे हसला आणि आम्हाला फ्रिज दाखवायला लागला.

घरी आलो की सगळीकडे सिमेंटची धूळ. बाहेरच्या खोलीत सोफ्यामागे स्टुलावर एक शेगडी मांडली होती. हे तिथेच वाकून स्वयंपाक करायचे. मधेच बेल वाजली की उलथनं माझ्या हातात. मी आलेल्या माणसाशी बोलत उभी राहायचे आणि मासा करपायला लागला की हे सोफ्यावरून खाकरायचे. मला हसू यायला हवं होतं. पण आठवडाभराच्या धावपळीनंतर हसायचंही अंगात नसायचं. मी दोन-तीनदा म्हटलं, "अहो, कुठलं तरी एक घेऊन टाकू ना." हे म्हणायचे, "रोज वापरायची वस्तू आहे. घाई करून कसं चालेल?" त्यांचं बरोबर होतं. पण रोज वापरणारी मी नव्हते.

मग अंधेरीच्या एका मोठ्या शोरूमचं आमंत्रण आलं. तिथे चालू शेगडीवर स्वयंपाक करून दाखवणार होते. आम्ही गेलो तेव्हा आणखी काही जोडपी होती. करून दाखवणाऱ्या बाई मराठी होत्या, माझ्याच वयाच्या, साडीवर एप्रन बांधलेल्या. त्यांनी चार बर्नरचा काचेचा हॉब पेटवला, वरची चिमणी सुरू केली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ताई, या ना. तुम्हीच करून बघा. फोडणी घाला."

मी पुढे झाले. सवय सुटली होती, तेल किती तापलं ते कळेना. मोहरी टाकली ती तडतडून काळी पडली, मिरची जळली, भसकन धूर झाला. चिमणीने तो सगळा ओढून घेतला. मागचा विक्रेता खूश होऊन म्हणाला, "देखिए, कुछ भी स्मेल आया?" लोकांनी माना डोलावल्या. हे मात्र माझ्या हातातल्या झाऱ्याकडे बघत होते. त्यांना तो घ्यायचा होता, हे मला दिसत होतं.

बाईंनी तवा ठेवला आणि तांदळाच्या पिठाचं भांडं पुढे केलं. "आता घावन घाला एखादं. मंद आचेचा अंदाज येईल."

मी ते भांडं हातात घेतलं. पाय दुखत होते. दुसऱ्या दिवशी सोमवार होता.

"मला नाही येत," मी म्हटलं. "आमच्याकडे हे करतात स्वयंपाक. यांनाच द्या."

कुणी हसलं नाही. एका बाईने आपल्या नवऱ्याकडे बघितलं, बस. यांचे कान लाल झाले. मला वाटलं, आता हे बाहेर निघून जातील. पण त्या एप्रनवाल्या बाईंनी काहीच झालं नसल्यासारखं उलथनं त्यांच्यासमोर धरलं. "या दादा. पीठ जरा ढवळून घ्या, खाली बसलंय."

हे पुढे आले. पीठ ढवळलं, थोडं पाणी मागितलं. तव्यावर तेलाचं बोट फिरवून पीठ कडेने ओतलं. आच कमी करून वाकून ज्योत बघितली. "याहून बारीक होत नाही का?" त्यांनी स्वतः विचारलं. बाई म्हणाल्या, नाही होत. मग हे कढईबद्दल बोलले, भाकरीबद्दल, जाळीबद्दल. जे प्रश्न मी कित्येक रविवार विचारत आले होते, ते सगळे त्यांच्या आवाजात पहिल्यांदा ऐकले. मी बाजूच्या खुर्चीत बसले. कुणीतरी मला त्यांचं घावन कागदी ताटलीत आणून दिलं. छान जाळी पडली होती.

परतताना मीरा रोड स्टेशनबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत उभे असताना हे म्हणाले, "सगळ्यांसमोर बोलायची गरज होती का?"

"नव्हती," मी म्हटलं. "पण मी थकले हो."

"कशाने?"

"मला न कळणारे प्रश्न विचारून."

रिक्षा आली. आम्ही दोघं मागे बसलो, शेजारी एक बाई भाजीची पिशवी घेऊन. जेवणं झाल्यावर यांनी एवढंच म्हटलं, "तो काचेचा नको. आच बारीक होत नाही."

पुढच्या आठवड्यात हे एकटेच गेले. कुठे गेले, कुणाशी काय बोलले, मला माहीत नाही. मी ऑफिसातून आले तेव्हा सगळं ठरलं होतं. तीन बर्नरचा स्टीलचा हॉब, मोठी चिमणी. ओव्हन नाही, भांड्यांचं मशीन नाही. मी म्हटलं, "मला दाखवायचं तरी होतं." हे म्हणाले, "तुला कंटाळा आला होता ना?" त्यात टोमणा नव्हता. मलाही सुटल्यासारखं वाटलं, आणि थोडं वाईटही वाटलं.

गणपतीच्या आधी काम संपलं. भाभी नवी चिमणी बघायला आल्या तेव्हा हे तिथेच कांदा चिरत राहिले. भाभी म्हणाल्या, "भाईसाब, आप?" हे म्हणाले, "हां, मैं ही." गावाहून यांचे थोरले भाऊ आले तेव्हा मात्र तीन दिवस मी रजा घेऊन चपात्या लाटल्या.

ओटा मिस्त्रीने यांच्या उंचीच्या मापाने बांधला होता. मी पहिल्यांदा तिथे चहा करायला गेले तेव्हा मला ते कळलं. कोपरं वर उचलून धरावी लागत होती आणि पातेल्यात दूध वर आलेलं टाचा उंचावल्याशिवाय दिसत नव्हतं. मी दूध उतू जायच्या आत गॅस बंद केला आणि यांना हाक मारली.

"तू बस," हे म्हणाले. "मी गाळतो."

मी बसले.