जिन्यालगतच्या खोलीचा पत्ता

लक्ष्मण सकपाळ गेला तेव्हा मी गिरगावातल्या छापखान्यात उभा राहून आमच्याच चाळीचं हस्तपत्रक जुळवत होतो. एक मेला राज्य येणार, चाळीवर रोषणाई होणार, सर्वांनी सहकुटुंब यावं, असा मजकूर होता. दारात लक्ष्मणच्या बायकोचा, शांतावहिनींचा, भाऊ येऊन उभा राहिला आणि चपला काढून आत आला. छापखान्यात कुणी चपला काढून येत नाही. तेवढ्यावरून मला कळलं. परळच्या इस्पितळात लक्ष्मण तीन आठवडे काविळीने पडून होता, वय छत्तीस. मी हातातली ओळ पुरी केली, कारण अर्धी टाकली असती तर छपाईचे खिळे सांडले असते, आणि मग हात धुवून निघालो.

आता पाच आठवडे झाले. वर्तमानपत्राच्या पुरवणीच्या संपादकांनी चार हळवे शब्द लिहून द्या असं सांगितलं. हळवं मला जमत नाही, आणि लक्ष्मणला ते चाललंही नसतं. मला राग आहे आणि तो मी लपवणार नाही. लक्ष्मण जाऊन तीन दिवस झाले नाहीत तोच आमच्या चाळ कमिटीचे अध्यक्ष वहिनींकडे येऊन बसले, एक लांब उसासा टाकला आणि म्हणाले की आता तरी ते पत्त्याचं प्रकरण बंद करावं, चाळीचं नाव खराब होतं. ते प्रकरण काय होतं, हे मला सांगायचं आहे.

आम्ही दोघे काळाचौकीच्या एकाच चाळीत वाढलो. तो पहिल्या मजल्यावर जिन्याला लागून असलेल्या खोलीत, मी बरोबर त्याच्या डोक्यावर. दोघांचेही वडील गिरणीत. आमच्या वडिलांनी या शहरात खोली शोधताना नाव सांगितल्यावर किती दारं बंद झाली, ते आम्ही जेवताना ऐकत मोठे झालो. मी छापखान्यात लागलो. लक्ष्मण तुरुंगात शिपाई म्हणून लागला आणि पुढे जमादार झाला. गिरणी सोडून तुरुंगात गेलास म्हणून मी त्याची भरपूर थट्टा केली. तो म्हणायचा, गिरणीत भोंगा, इथं घंटा, फरक काय? पण फरक होता. त्या तुरुंगात तेव्हा नवे साहेब आले होते आणि कैद्याला नुसता कोंडून न ठेवता काहीतरी शिकवून बाहेर सोडावा असा वरून हुकूम होता. हातमाग आणले, सुतारकाम सुरू झालं, साक्षरतेचा वर्ग निघाला. बाकीच्यांनी तो हुकूम फायलीला लावला. लक्ष्मणने मात्र तो खरा धरला. वडिलांच्या हाताखाली तुटलेला धागा सांधायला शिकलेला हा माणूस, खून करून आलेल्यांच्या शेजारी मांडी घालून बसायचा आणि त्यांना गाठ मारायला शिकवायचा.

मग त्याच्या लक्षात एक गोष्ट आली. सुटकेच्या आदल्या दिवशी कैद्याला कचेरीत उभं करून विचारतात, कुठे जाणार? तो सांगेल तो पत्ता कारकून लिहून घेतो आणि तो पत्ता पोलीस ठाण्यावर जातो. ज्याला घर नाही किंवा घरचे दारात उभं करत नाहीत, तो गप्प राहतो. मग कारकून त्या रकान्यात एक शब्द लिहितो, 'फिरस्ता'. एवढा शब्द लागला की संपलं. कुठे चोरी झाली, कुठे दगड पडला, की ठाण्याचे लोक आधी फिरस्ते उचलतात. लक्ष्मणच्या हाताखाली दोन वर्षं हातमाग शिकलेला एक विणकर असाच सुटून महिन्याच्या आत परत आला. त्याने काही केलं नव्हतं, फक्त फुटपाथवर झोपला होता. तो परत आल्याचं लक्ष्मणने मला जिन्यात सांगितलं. पुढच्या वेळी कचेरीत एक जण गप्प उभा राहिला, तेव्हा लक्ष्मणने कारकुनाला सांगितलं, लिहा, काळाचौकी, पहिला मजला, जिन्यालगतची खोली. कारकून म्हणाला, हा तर तुमचा पत्ता. लक्ष्मण म्हणाला, मग मला पाठच आहे, चुकायचा नाही.

तिथून सुरू झालं. माणसं काही त्या खोलीत राहायची नाहीत, जागाच कुठे होती? कुणी चार दिवस सज्जात झोपायचा, मग लक्ष्मण कुठेतरी काम लावून द्यायचा आणि तो तिकडे जायचा. पण पत्ता तोच राहायचा. त्यांच्या गावची पत्रं इथे यायची. लक्ष्मणने दाराच्या चौकटीला एक जाड तार वाकवून लावली होती, पोस्टमनने पत्र दिलं की वहिनी ते तारेत टोचून ठेवायच्या. रविवारी सकाळी एकेक जण जिना चढून यायचा आणि दारातून विचारायचा, माझं काही आलंय का? वहिनी कुरकुर करायच्या. दूध कमी पडतं, चाळीतल्या बायका बोलतात, असं त्यांचं चालू असायचं आणि हात तारेवरची पत्रं चाळत असायचे.

याच वर्षांत आमचं वाजलं. फाउंटनला गोळ्या चालल्या तेव्हापासून मी चळवळीत पुरता बुडालो होतो. दिवसा छापखान्यात लग्नपत्रिका आणि मालकाची पाठ वळली की चळवळीची पत्रकं. आणि माझ्या खालच्या मजल्यावरचा माझा मित्र रोज सकाळी सरकारची खाकी चढवून सत्याग्रहींना कोंडायला जाणार! चाळीतल्या आम्ही पोरांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. एका संध्याकाळी जिन्यात गाठून मी त्याला सुनावलं की लाज असेल तर ती खाकी उतरव.

तो पायरीवर बसला. मला वाटलं चिडेल. तो म्हणाला, "दत्ता, तू आत गेलास तर पंधरा दिवसांनी सुटशील आणि हार घेऊन चाळ उभी राहील. माझा माणूस सात वर्षांनी सुटतो, त्याला कोण असतं रे? मी खाकी उतरवली तर दुसरा कोणतरी चढवील. तो माग शिकवील की काठी घालील, ते तू मला लिहून देतोस काय?"

मी म्हटलं, तुला महाराष्ट्र नको आहे असं सरळ सांग.

"हवाय ना. तुझ्याइतकाच हवाय. पण त्यात माझ्या माणसांना जागा हाय काय, एवढं सांग."

मला उत्तर आलं नाही, म्हणून मी आवाज चढवला. उत्तर नसलं की मी तेच करतो.

पुढे मीही सत्याग्रहात पकडला गेलो आणि नशीब असं की त्याच्याच तुरुंगात तीन आठवडे काढले. त्याने मला ओळख दाखवली नाही, फक्त एकदा ताट नीट घासत नाहीस म्हणून सगळ्यांदेखत झापलं. पण आमच्या बराकीच्या गजातून समोर त्याचा साक्षरतेचा वर्ग दिसायचा. लक्ष्मण मुळाक्षरांपासून सुरुवात करत नव्हता. फळ्यावर पोस्टकार्डाचा मोठा चौकोन काढायचा आणि त्यात पत्ता लिहायला शिकवायचा. आधी पत्ता, मजकूर नंतर, असं त्याचं गणित. ज्याला पाठवायचंय त्याचं नाव, खाली जागा. गिरवायला घेतलेला पत्ता कुठला असायचा? काळाचौकी, पहिला मजला, जिन्यालगतची खोली. पंचवीस-तीस दाढीवाले बाप्ये ते पाटीवर गिरवत बसायचे. मला हसू आलं आणि मग आलं नाही. सुटलो तेव्हा दरवाजाबाहेर चाळ उभी होती, हार होते, ताशा होता. माझ्याबरोबर त्याच सकाळी एक साधा कैदी सुटला होता. तो आमच्या गर्दीतून अंग चोरून निघून गेला, आणि माझ्या गळ्यात इतके हार होते की मला मान वळवून बघता आलं नाही.

त्यानंतर काही महिन्यांनी एका मोठ्या मोर्च्याच्या आधी पोलिसांनी गुंड म्हणून नोंद असलेल्यांची धरपकड काढली. ठाण्याचं नाव मी लिहीत नाही. तिथल्या कुणा हुशार माणसाने वही उघडली आणि त्याला दिसलं की काळाचौकीच्या एकाच खोलीत अकरा सुटलेले कैदी राहतात. अड्डाच सापडला म्हणायचा! सकाळी आठला फौजदार सहा शिपाई घेऊन आले आणि दार ढकललं. आत लक्ष्मण बनियनवर, तोंडाला साबण, गालाला वस्तरा. खुंटीला तुरुंग जमादाराचा डगला.

फौजदारांनी अकरा नावं वाचली. लक्ष्मणने साबण न पुसता अकरा जणांचा ठावठिकाणा सांगितला. हा रे रोडला लाकडाच्या वखारीत, हा अँटॉप हिलला सरकारी इमारती बांधतायत तिथे गवंड्याच्या हाताखाली, हे दोघे लालबागला सुताराकडे. कुठे शोधायचं ते सांगतो, पण कामावरून उचलू नका, काम जाईल त्यांचं, असंही वर. फौजदार वरमले, पण हात हलवत परत कसे जाणार? त्यांची नजर तारेवर गेली. पुरावा म्हणून पत्रं जप्त करायचं ठरलं. पंचनाम्याला वाचता येणारा माणूस हवा होता आणि सज्जात तमाशा बघत मी उभा होतोच.

मी ती पत्रं मोठ्याने वाचली. चाळीतली माणसं दारात गोळा झाली होती. एकात गाय व्याल्याची बातमी होती. एकात बहिणीने लिहिलं होतं की तू मेलास असं गावात सांगत होते, मी मात्र कुंकू लावताना रोज तुझं नाव घेत होते. एक कुणा आईने दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं होतं. त्यात होतं, बाळा, तुला पत्ता आहे हे कळलं, आता मला झोप लागते... ते वाक्य मी दोनदा वाचलं. आयुष्यभर मी दुसऱ्यांचे मजकूर जुळवले, पण असा मजकूर माझ्या हाताखालून कधी गेला नव्हता. फौजदार म्हणाले, पुरे. वहिनींनी चहा टाकला होता. कप चारच, म्हणून शिपाई पाळीपाळीने प्याले. तरी पत्रं त्यांनी नेलीच, तारेसकट.

मग चौकशी लागली. चूक झाली, पुन्हा कोणाला पत्ता देणार नाही, असं लिहून द्या, म्हणजे प्रकरण मिटेल, असं लक्ष्मणला सांगण्यात आलं. तो कागद घेऊन माझ्याकडे आला. जिन्यातल्या भांडणानंतर पहिल्यांदाच तो वरच्या मजल्यावर येत होता. मी जहाल उत्तर लिहिलं, अन्याय, जुलूम, सगळे शब्द घातले. त्याने सगळं खोडलं आणि दोन वाक्यं ठेवली. यांना पत्ता नव्हता म्हणून मी माझा दिला. तो देऊ नये असा नियम असल्यास दाखवावा. नियम कुणी दाखवला नाही. त्याची बढती मात्र रोखली आणि माग, वर्ग काढून घेऊन त्याला मोठ्या दरवाजावर उभं केलं. शिक्षा देणाऱ्याच्या डोक्यात एवढंही आलं नाही की सुटणारा प्रत्येक माणूस त्याच दरवाजातून जातो. वर्षभर लक्ष्मण एकेकाला थांबवून विचारत राहिला, पत्ता हाय काय? वर्षाने त्याला निमूटपणे वर्गावर परत घेतलं. तारही ठाण्यातून परत आली, रिकामी. त्याने ती त्याच खिळ्याला लावली.

आता अध्यक्षांकडे येतो. लक्ष्मण जाऊन बारा दिवस झाले होते, दुपारची वेळ होती. मी वहिनींकडे बसलो होतो, सज्जात अध्यक्ष दोघांतिघांना समजावत होते की जमादार भला माणूस होता पण आता हे थांबलं पाहिजे. जिना चढून एक पोलीस शिपाई आला. त्याच्या हातात चिठ्ठी होती. लक्ष्मण इस्पितळात असताना सुटलेल्या कुणा माणसाने कचेरीत हाच पत्ता सांगितला होता. कुणी देऊ केला नव्हता, फळ्यावर गिरवून गिरवून तो त्याला पाठ होता. शिपायाने नाव वाचलं आणि विचारलं, हा इसम इथं राहतो काय?

वहिनींनी त्या माणसाला कधी पाहिलं नव्हतं. मी काही म्हणणार तेवढ्यात त्या उठल्या आणि दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"राहतो," त्या म्हणाल्या. "कामाला गेलाय."

शिपायाने लिहून घेतलं आणि गेला. वहिनी खोटं बोलल्या असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी पुढचं ऐकावं. तो माणूस संध्याकाळी आला. जमादार गेल्याचं ऐकून तो जिन्यातच बसून राहिला. त्या दिवसापासून तो माझ्या खोलीत राहतो आणि माझ्याबरोबर छापखान्यात शाईचे रूळ धुवायच्या कामाला येतो. वहिनींनी फक्त चार तास आधी सांगितलं. ठाण्यातले साहेब पुरवणी वाचत असतील तर वाचोत.

अध्यक्षांनी कमिटीची सभा बोलावली आहे. मी जाणार आहे आणि लक्ष्मणने जिन्यात मला विचारलेलाच प्रश्न विचारणार आहे. राज्य तर आलं, चाळीवर दिवेही लागले, मीच पत्रक जुळवलं होतं. आता त्याच्या माणसांना त्यात जागा आहे का, एवढं सांगा. या वेळी उत्तर मी देणार आहे.

वहिनींना त्रास नको म्हणून मी परवा म्हटलं, ती तार काढून माझ्या दाराला लावतो. त्या म्हणाल्या, "तार इथंच राहील, भावजी. पत्ता बदलला तर पत्रं कुठं जातील?" खरं होतं. तारेवर तीन नवी पत्रं होती, खाली लक्ष्मणच्या वहाणा अजून तशाच. मी वर आलो, एक जाड तार वाकवली आणि माझ्या चौकटीला ठोकली. काळाचौकी, दुसरा मजला, जिन्यालगतची खोली. तार अजून रिकामी आहे.