मागच्या चाकातली चंद्रकोर

घड्याळकाकांची दोन सीटची लाल गाडी गल्लीच्या कोपऱ्यावर वळली, की काकू घरात चहाचं आधण ठेवायच्या. गाडी दिसायची नाही, ऐकू यायची. मागच्या उजव्या चाकातून अशी घरघर यायची, की डिकीत बसून कुणी दगड दळतंय असं वाटावं. गल्लीतल्या लोकांना सवय झाली होती. काका फिरून आले, म्हणजे साडेसहा झाले.

काकांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान. तीस वर्षांचं, टेबलाएवढं. साठी ओलांडलेला, इस्त्रीचा शर्ट घालणारा हा गृहस्थ असली गाडी का चालवतो, असं नवा माणूस विचारायचा. जुने विचारत नसत, कारण ती भंगारातून उचलून आणताना ढकलायला तेच होते. काका आणि त्यांचा शाळेपासूनचा दोस्त मिस्त्री, दोघांनी दोन वर्षं खपून ती उभी केली. मिस्त्रीचं गॅरेज पुढच्याच चौकात. दोघं भांडायचे असे, की बघणाऱ्याला सोडवायला जावंसं वाटायचं, आणि पाच मिनिटांनी एकाच बशीतून चहा प्यायचे.

तर मागच्या वर्षी चाक बोलायला लागलं. मिस्त्रीने गाडी दोन दिवस ठेवून घेतली, मागची बेअरिंगं आणि सील बदलली, म्हणजे बदलली असं सांगितलं. पंधरा दिवस शांतता होती. मग पुन्हा घरघर.

"बेअरिंग नवीन आहे रे," मिस्त्री म्हणाला. "हा आवाज आतून येतोय. त्यासाठी सगळी गाडी उसवावी लागेल, आणि उसवली तर पुन्हा शिवायला भाग मिळायचे नाहीत. म्हातारी झाली ती. चांगलं घर बघून दे."

काकांनी सहा महिने ऐकलं नाही, मग ऐकलं. गावाच्या दुसऱ्या टोकाच्या एका दातांच्या डॉक्टरांना गाडी आवडली. रविवारी सकाळी येऊन घेऊन जायचं ठरलं. त्या आठवड्यात काकांना जेवण गोड लागेना. काकू मात्र खूप प्रेमाने वाढत होत्या. इतक्या, की लक्षात यायला हवं होतं.

काकांची एक खोड होती. न उघडलेलं घड्याळ ते कुणाला परत देत नसत. साधा सेल बदलायचा असला तरी आत डोकावून, काय कुठे झिजलंय ते गिऱ्हाइकाला सांगायचे. मग गाडी तरी अशी कशी द्यायची? डॉक्टर विचारतील, आवाज कुठून येतो, तर नेमकं सांगता यायला हवं. म्हणून बुधवारी दुकान बंद ठेवून त्यांनी अंगणात गाडी जॅकवर चढवली.

चाक निघालं. मधला मोठा नट निघाला. पुलर घरातच होता, दोघा मित्रांनी मिळून बनवलेला. त्याने हब, म्हणजे चाकाचा मधला गड्डा, ओढून काढला आणि काकांनी तो जुन्या वर्तमानपत्रावर ठेवला. ग्रीस आत धरून ठेवणाऱ्या दोन सीलांपैकी बाहेरचं अगदी कोरं, रबर चमकतंय. आतलं मात्र वाळून तडकलेलं, ग्रीस गळून काळं झालेलं. काकांना हे विचित्र वाटलं. नवी जोडी बसवताना एकच सील कोण बदलतं?

त्यांनी आतून ठोकून बेअरिंग बाहेर काढलं, रॉकेलमध्ये धुतलं आणि दुकानातलं भिंग डोळ्याला लावलं.

बाहेरच्या कडीच्या कडेला, तिळाहून लहान, एक चंद्रकोर कोरलेली होती. शेजारी बारा वर्षांपूर्वीचं साल.

ही खूण काकांचीच. दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणाच्या आत ते ती कोरतात, म्हणजे पुन्हा आलं तर कळावं की आपण कधी हात लावला होता. बारा वर्षांपूर्वी ही बेअरिंगं बसवताना मिस्त्री बाहेर कुणाशी तरी गप्पा हाणत उभा होता, तेवढ्यात काकांनी सवयीने कोरून टाकली. सांगायचंही राहून गेलं.

काका अंगणातल्या पायरीवर बसले. डाव्या हाताने बेअरिंग फिरवत होते. खरखर, खरखर.

त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. चाक तसंच उघडं ठेवलं, बस पकडून शहरातल्या सुट्या भागांच्या बाजारात गेले आणि तिसऱ्याच दुकानात नवी जोडी मिळाली, सीलसकट. भाग मिळायचे नाहीत, म्हणे. घरी येऊन त्यांनी बेअरिंगं पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये, बर्फाच्या ट्रेमागे ठेवली. गार झालं की लोखंड आकसतं, मग तापलेल्या हबमध्ये न ठोकता बसतं. हेही मिस्त्रीनेच शिकवलेलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी काकूंनी बर्फ काढायला फ्रीझर उघडला आणि पिशवी हातात घेऊन अंगणात आल्या.

"अहो, हे काय?"

"बेअरिंग."

काकूंचा चेहरा उतरला. "म्हणजे जुनंच आहे ते कळलं तर तुम्हाला."

काकांच्या हातातला ब्रश थांबला. सबंध जगात ही गोष्ट एकट्या त्यांना ठाऊक होती. आणि मिस्त्रीला.

"तुला कुणी सांगितलं जुनं आहे म्हणून?"

काकू पिशवी धरून उभ्या राहिल्या. पाणी ठिबकत होतं. "मीच सांगितलं होतं भावजींना," त्या म्हणाल्या. "बदलू नका म्हटलं. आवाज राहिला तर कंटाळून विकतील. गेटचा खांब दोनदा घासलात. त्या सायकलवाल्या बाईंना तुम्ही पाहिलंच नाहीत, त्यांनी ब्रेक लावला म्हणून वाचल्या. तुम्हाला जवळचं दिसतं हो, लांबचं दिसत नाही."

"मला सांगायचंस."

"सांगितलं. चार वेळा. तुम्ही म्हणालात, डोळ्यांवर तर माझं पोट आहे."

हे खरं होतं, म्हणून काकांना जास्त लागलं.

संध्याकाळी मिस्त्री आला. गेटच्या आत आला नाही. "वहिनी रडल्या रे माझ्यापुढे," तो म्हणाला. "मी काय करणार? बाहेरचं सील बदललं, ग्रीस भरलं, म्हणून पंधरा दिवस आवाज दबला. आणि धोका नव्हता. दर महिन्याला चाक हलवून बघत होतो मी. तू म्हणायचास, मिस्त्री किती काळजी घेतो."

"म्हणायचो," काका म्हणाले. "वर्षभर म्हणत होतो. तुम्ही दोघं हसत असाल."

"कुणी हसलं नाही."

"मग तर फारच झालं."

मिस्त्रीने हबकडे बघितलं. त्याचे हात शिवशिवत होते हे गल्लीच्या टोकावरूनही कळलं असतं. "दे, बसवून देतो. नीट."

"नको. तू बसवलंस की मला पुन्हा उघडून बघावं लागेल."

मिस्त्री गेला. शुक्रवारी काकांनी हबवर उकळतं पाणी ओतलं आणि गार बेअरिंग सोडलं. ते टक्‌ करून जागेवर बसलं. दोन्ही सील नवी, रबराच्या कडेला ग्रीस लावून. या खेपेला त्यांनी काही कोरलं नाही.

रविवारी डॉक्टर आले. काकांनी त्यांना नम्रपणे सांगितलं की गाडी विकायची नाही, तसदीबद्दल माफ करा. सोमवारी ते स्वतःहून चष्म्याच्या दुकानात गेले आणि लांबचा चष्मा करून आले. काकूंना वाटलं, मिटलं. त्यांनी चष्म्याचं कौतुक केलं. काका "हं" म्हणाले.

पण मिटलं नव्हतं. हॉलमधल्या मोठ्या घड्याळाला दर रविवारी काका चावी द्यायचे, लग्नापासून एकदाही चुकले नव्हते. त्या रविवारी त्यांनी चावी दिली नाही. पुढच्याही नाही. घड्याळ चार वाजून दहा मिनिटांवर थांबलंय. काकूंना त्याला चावी देता येत नाही असं नाही, पण त्या हात लावत नाहीत.

गाडी आता लोण्यासारखी पळते. कोपऱ्यावर वळते, घरापाशी येते, गेटच्या खांबापासून हातभर लांब थांबते, आणि काही म्हणजे काही ऐकू येत नाही. काकू संध्याकाळी गेटशी उभ्या राहतात आणि कुंपणावरून शेजारच्यांना विचारतात, "अहो, किती वाजले?"

चहाचं आधण त्या दोनदा तीनदा ठेवतात.