गाडी मेली का?

त्याला सगळे मायलेज म्हणत. कुणाच्या लग्नाला जावो की कुणाच्या मयताला, दोन वाक्यं झाली की गडी गाडीवर घसरायचा, आणि एकदा घसरला की आपली व्हॅन लिटरमागे किती जाते हे सांगितल्याशिवाय थांबायचा नाही. वहिनीसुद्धा त्याला ‘मायलेज भावजी’ म्हणायची आणि तो रागावायचा नाही. ज्याने कुणी नाव ठेवलं त्याने नीट बघून ठेवलं, असंच त्याला वाटत असावं.

दोघा भावांची लॉन्ड्री होती. खरं तर दादाची होती आणि हा त्यात होता. दादा मशिनी सांभाळायचा, वहिनी इस्त्रीच्या टेबलाशी, आणि मायलेज छोट्या व्हॅनमधून हॉटेलांच्या चादरी, दवाखान्याचे अभ्रे, सलूनचे टॉवेल आणायचा आणि धुऊन झाले की पोहोचवायचा. मळके गठ्ठे डावीकडे, धुतलेले उजवीकडे, मध्ये प्लायवूडची फळी. ती फळी त्याने स्वतः बसवली होती. मळका वास धुतलेल्याला लागता कामा नये, असं त्याचं म्हणणं.

गाडीही त्यानेच निवडली होती, आणि सगळं रामायण तिथूनच सुरू झालं. दुकानात दोन व्हॅन उभ्या होत्या. दादाचा जीव टर्बोवाल्या चकचकीत गाडीवर गेला होता. चढावर अशी उडते, तशी उडते, असं विकणारा सांगत होता आणि दादा माना डोलवत होता. मायलेज मात्र माहितीपत्रक घेऊन कोपऱ्यातल्या खुर्चीत बसला तो उठेचना. बाराशे सीसीचं साधं पेट्रोल इंजिन. चार सिलिंडर, टर्बो नाही, ब्लॉक ओतीव लोखंडाचा, आणि टायमिंगला, म्हणजे वॉल्वची उघडझाप वेळेवर ठेवायला, रबरी पट्ट्याऐवजी साखळी. ताकद बेताची. इतर गाड्यांत ज्या ज्या गोष्टी बिघडतात त्यातल्या निम्म्या यात नव्हत्याच.

“साहेब, ते इंजिन जुन्या पद्धतीचं आहे,” विकणारा म्हणाला.

“म्हणूनच,” मायलेज म्हणाला. “जे नाहीच ते बिघडणार कसं? दादा, टर्बोवर जाऊ नकोस. हे इंजिन आपल्याला पुरून उरेल.”

दादाने टर्बोवरचा जीव काढून घेतला. माणसं आपल्या पायावर धोंडा पाडून घेतात म्हणतात. यानं तर धोंडा वाचून, पारखून, हौसेनं पसंत केला होता.

पुढे त्याचं लग्न झालं, मुलगी झाली, आणि ती रांगायला लागली तेव्हा बायकोला डोंगरापलीकडच्या गावी शाळेत कायमची नोकरी लागली. सोबत राहायला दोन खोल्या, मागे पेरूचं झाड. असली नोकरी कोण सोडतं? शाळेसमोर एक बंद गॅरेजही होतं, मालक भाड्याने द्यायला तयार होता. मायलेजने ते जाऊन पाहिलं. खाली उभं राहून काम करता येईल असा गाडीखालचा खड्डा, भिंतीवर पाने-पक्कडी टांगायला खिळे. परत येताना बसमध्ये त्याने मनातल्या मनात सगळे पाने टांगूनही टाकले.

घरी जेवताना त्याने विषय काढला. दादाने हातातला घास ताटात परत ठेवला. मग म्हणाला, “मी आता गाडी शिकणार नाही, माझ्या कमरेला ते झेपायचं नाही. परका ड्रायव्हर मला नको. ही गाडी चालतेय तोवर थांब. ती बंद पडली की मी नवी घेत नाही. ज्याला धुवायचंय तो आणून देईल. मग तू मोकळा.”

सगळ्यांनाच ते रास्त वाटलं. गाडीने तोवर लाखाचा आकडा ओलांडला होता. असून असून किती टिकणार? बायको म्हणाली, “दोनेक वर्षं ना? काढू,” आणि मुलीला घेऊन पुढे गेली. आणि दादाला नाही म्हणणं मायलेजच्या रक्तातच नव्हतं. वडील गेले तेव्हा हा पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत जायचा. दादाने दप्तर टाकलं आणि दुसऱ्याच्या धुलाईखान्यात कपडे पिळायला उभा राहिला. हाताची साल निघेपर्यंत पिळले. ते हात रोज समोर ताटावर दिसत असताना कुठल्या तोंडानं भांडायचं?

तर मुलगी रांगत होती ती आता दुसरीत गेली, आणि इंजिन चाललंच होतं.

क्लच झाला, रेडिएटर झाला, दारं गंजली, सीटचा स्पंज कधीच खाली आला. हे सगळं बदलता येतं, त्याला गाडी बंद पडली असं कुणी म्हणत नाही. इंजिनाला मात्र ढिम्म काही होत नव्हतं. सकाळी किल्ली अर्धी फिरली की सुरू. कडाक्याच्या थंडीत सुरू, महापुरात बॉनेटपर्यंत पाणी लागून गेलं तरी पुसून सुरू. हॉटेलांचे लोक कौतुक करायचे, “काय गाडी आहे राव!” आणि मायलेज हसायचा. पूर्वी त्या हसण्यात मालकी असायची. आता दात दिसायचे, इतकंच.

बायको-मुलीकडे जायचं म्हणजे सणासुदीला एखादा दिवस, कारण चादरींना रविवार नसतो. एरवी संध्याकाळचा फोन. फोन मुलगीच उचलायची आणि पहिला प्रश्न ठरलेला.

“बाबा, गाडी मेली का?”

“नाही गं अजून.”

“बरं,” म्हणायची, आणि मग शाळेतलं सांगायची. पहिल्यांदा त्याला याचं हसू आलं होतं. नंतर नंतर त्या प्रश्नाआधी तो फोन कानापासून जरा लांब धरायला लागला. व्हॅनच्या त्या पत्र्याच्या खोक्यात, ओल्या टॉवेलांच्या वासात बसून तो फोन घ्यायचा आणि त्याला वाटायचं, आपण आतून कडी लावून घेतली आणि कडीही आपणच घडवली.

तुम्ही म्हणाल, मग मारायची ना गाडी. इंजिन मारणं सोपं असतं. त्याचंही मन तिथवर जाऊन आलं. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. उद्या ऑइल बघायचंच नाही असं ठरवून झोपायचा आणि सकाळी गाडीशी जाऊन उभा राहिला की हात आपोआप बॉनेट उघडायचे, ऑइलची पट्टी बाहेर काढून फडक्याने पुसायचे, परत बुडवायचे. आईने रुसून बसायचं ठरवावं आणि लेकरू दिसताच ताट वाढावं, तशातली गत.

शेवटी त्याच्या हातून एवढंच झालं: ऑइल बदलायची वेळ आली आणि त्याने ती जाऊ दिली. पातळी कमी झाली की वरून थोडं घालायचा, पण जुनं काढून टाकायचा नाही. पट्टीवरचं सोनेरी ऑइल तपकिरी झालं, मग काळं, मग डांबरासारखं. पट्टी पुसताना तो तोंड दुसरीकडे करायचा.

आणि एका सकाळी गाडी सुरू करताच आतून खडखड आली. डब्यात सुटे खिळे हलवावेत तशी. क्षणभरच, मग बंद. दुसरा कुणी असता तर त्याला ऐकूही आली नसती. मायलेज स्टिअरिंग धरून बसून राहिला. त्याला रडू आलं, आणि ते आनंदाचं की कसलं हे त्याला कळेना.

तो मेकॅनिककडे गेला. या मेकॅनिकला सगळे सायलेन्सर म्हणत, कारण त्याच्या तोंडात तीळ भिजत नसे. तरी त्याच्याकडेच गेला. इंजिन ऐकणारा दुसरा कान या गावात भरवशाचा नव्हता.

“साखळी सैल पडलीय,” सायलेन्सर म्हणाला. “नवी टाकली तर आणखी दहा वर्षं बघायला नको. अशीच चालवलीस तर एक दिवस दात सोडेल, वॉल्व पिस्टनवर आपटतील आणि खेळ खलास. पण एक सांग, या इंजिनाची साखळी अशी जात नाही. ऑइल कधी बदललंस?”

मायलेजने फडकं उचललं आणि हात पुसायला लागला.

“तू?” सायलेन्सरचा जबडाच पडला. “तू ऑइल विसरलास?”

“राहिलं एकदा. आत्ता खोलू नकोस. बघतो मी.”

त्या संध्याकाळी मुलीने विचारलं तेव्हा तो म्हणाला, “आजारी आहे.”

पलीकडून किंकाळी. “आई! गाडी आजारी आहे! बाबा येणार!” मागून बायकोचा आवाज आला, “खरंच?” तो ‘हो’ म्हणाला. पुढचे कित्येक दिवस फोनवर आजाऱ्याची चौकशी. आज किती खोकली? जास्त खोकली का? मुलीने गॅरेजवर लावायला पाटी रंगवली. बायकोने कपाटातला एक कप्पा रिकामा केला. इकडे मायलेज रोज किल्ली फिरवायचा, खडखड ऐकायचा, कालपेक्षा लांबली की आत कुठेतरी सुखावायचा, आणि अख्खा दिवस मेलेल्या मांजरावरून गाडी गेल्यासारखं तोंड करून फिरायचा. दवाखान्याचा रस्ता घाटातून होता. तिथे चढावर तो श्वास धरून बसायचा. असे महिने गेले आणि फोनवरची चौकशी हळूहळू आखूड होत गेली.

स्वतःच्या वाढदिवशी मायलेज उठला तर अंगणात गाडी नव्हती. वहिनी म्हणाली, “तुमच्या दादांनी भल्या पहाटे नेली, मेकॅनिकला बोलावून. आज सुट्टी घ्या म्हणालेत.” ऐन कामाच्या दिवशी मिळालेली ती त्याची पहिली सुट्टी. त्याने ती अंगणातल्या ऑइलच्या डागाकडे बघत काढली.

दिवेलागणीला गाडी आली. सायलेन्सर चालवत होता, शेजारी दादा, नव्या शर्टात. सायलेन्सर उतरला आणि जन्मात पहिल्यांदा एक शब्द न बोलता चालता झाला. दादाने किल्ली मायलेजच्या तळहातावर ठेवली.

“नवी साखळी टाकली. ऑइलही. वाढदिवस ना तुझा.”

मायलेजने किल्ली मुठीत घेतली.

“सायलेन्सरने सांगितलं मला,” दादा म्हणाला. “तू ऑइल विसरणारा नाहीस. लहानपणी चप्पल विसरायचास, पण माझी सायकल पुसायचं फडकं कधी विसरला नाहीस. मला कळलं रे.”

“दादा, मी...”

“थांब. बोलू दे, नाहीतर परत बोलता येणार नाही मला.” दादाने हात शर्टाला पुसले, कोरडे होते तरी. “तू जाशील याची मला भीती वाटते. आणि घाटात ती बंद पडून तू कुठेतरी कड्याशी अडकशील, याचीही. रात्ररात्र झोप नाही. दोन्हीतली एक तरी मिटवली. दुसरीचं तू बघ. जायचं म्हणालास तर मी अडवणार नाही.”

एवढं बोलून तो मशिनीकडे निघून गेला, कमरेवर हात ठेवून, जरासा वाकून.

आता बोला. भांडणाऱ्या माणसाशी भांडता येतं, अडवणाऱ्याला ढकलता येतं. पण दार सताड उघडून दारातच असं वाकून उभं राहिलेल्या माणसाला ओलांडून जायचं कसं? मायलेज त्याच्या मागे मशिनीपर्यंत गेला. ड्रम गरगरत होता.

“दादा!”

“काय?” दादा ओरडला.

“काही नाही,” मायलेज ओरडला. “आवाज गेला तिचा.”

दादा हसला. मायलेजने त्याला असं हसताना कितीतरी वर्षांत पाहिलं नव्हतं.

मग तो व्हॅनमध्ये जाऊन बसला आणि फोनची वाट बघू लागला. काय सांगायचं ते त्याने जुळवून ठेवलं. मेली नाही गं. बरी झाली. पण मी येतो, गाडीचं काही का होईना, मी येतो. हे शेवटचं वाक्य त्याने दोनदा मोठ्याने म्हणून पाहिलं. तिने विचारलं की म्हणायचं. तिने विचारल्यावर म्हणायला सोपं जाईल.

फोन वाजला. “बाबा, हॅपी बर्थडे!” मुलगी म्हणाली. मग वर्गातल्या कासवाचं सांगितलं, पडलेल्या दाताचं सांगितलं, पेरू पिकल्याचं सांगितलं. तो हं हं करत राहिला आणि वाट बघत राहिला.

“बाळा,” शेवटी तोच म्हणाला, “आज विचारलं नाहीस?”

“काय?”

“गाडीचं.”

“अं, राहू दे,” ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “त्या पाटीच्या मागच्या बाजूला मी कासवाचं चित्र काढलंय. आई, तू बोलतेस?” बायकोशीही तो पेरूंचंच बोलला.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने किल्ली अर्धी फिरवली आणि इंजिन सुरू झालं, पहिल्या दिवशी झालं होतं तसं, एकही खडखड न करता. तो उतरला, बॉनेट उघडलं, पट्टी काढून पुसली, परत बुडवून पाहिली. ऑइल सोनेरी होतं. आतून दादाने धुतलेल्या चादरींचा पहिला गठ्ठा दाराशी आणून ठेवला, आणि मायलेजने तो उचलून फळीच्या उजवीकडे ठेवला.